राजकीय जोखीम : पेणच्या खारेपाटातून पाहिलेली

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय पत्रिकेत छापलाय तो जरा भारदस्त आहे. विकसनशील देशांतली गुंतवणूक, राजकीय जोखीम आणि कायद्याचं राज्य. असं नाव वाचलं की माणसाला वाटतं, हे मुंबईच्या नरिमन पॉइंटवर बसणाऱ्यांचं काम, आपला काय संबंध? संबंध आहे. किंबहुना हा विषय समजून घ्यायला पेण आणि रोहा हे दोन तालुके जितके उपयोगी आहेत, तितकी बरीचशी पाठ्यपुस्तकं नाहीत असं माझं मत आहे. कसं, ते सांगतो.

आधी शब्दाचा अर्थ लावून घेऊ. धंद्यात जोखीम असतेच. माल खपला नाही, कच्चा माल महागला, यंत्र बिघडलं. ही झाली व्यापारी जोखीम. राजकीय जोखीम वेगळी. माल चांगला आहे, गिऱ्हाईक आहे, हिशेब बरोबर आहे. पण सरकारने किंवा राजकारणाने असं काही केलं की सगळं गणित कोसळलं. सरकारने कारखाना ताब्यात घेतला, पैसे देशाबाहेर न्यायला बंदी केली, करार मोडला, दंगल झाली, युद्ध झालं. या जोखमीचा चक्क विमा मिळतो. जागतिक बँकेच्या परिवारात ‘मिगा’ नावाची संस्था 1988 साली याच कामासाठी निघाली.

इथे एक आठवण सांगायचा मोह आवरत नाही. जागतिक बँकेची कल्पना ज्या परिषदेत आकाराला आली, त्या 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेला भारताच्या शिष्टमंडळात कोण होतं? सी. डी. देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. जन्म महाडजवळच्या नात्याचा, आणि वडील वकिली करत रोह्यात. म्हणजे हा विषय आपल्याकडे परका नाहीच.

आता या विम्याची एक गंमत बघा. तो कोणाला मिळतो? गुंतवणूकदाराला. आणि गुंतवणूकदार कोण? ज्याच्याकडे भांडवल आहे तो, बहुधा बाहेरून आलेला. पण ज्याने आयुष्यभराची पुंजी गावातल्या बँकेत ठेवली तो? ज्याचं सगळं भांडवल म्हणजे दीड एकर भातशेती, तो? सरकारच्या एका निर्णयाने त्यांचंही गणित कोसळतं. त्यांच्या जोखमीला मात्र या शास्त्रात नाव नाही. आज मला मोठा गुंतवणूकदार, शेतकरी आणि ठेवीदार या तिघांना एकाच बाकावर बसवून बोलायचं आहे. सुरुवात पेणपासून.

2005 साली संसदेने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला, ज्याला आपण सगळे ‘सेझ’ म्हणतो. 2006 च्या फेब्रुवारीत तो लागू झाला. करात सवलती, आयात-निर्यात सोपी, परवानग्या झटपट. लगेच उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या 45 गावांत महामुंबई सेझ होणार असं ठरलं. प्रवर्तक रिलायन्स उद्योगसमूह. क्षेत्र सुमारे दहा हजार हेक्टर. मुंबई बंदर समोर, न्हावा शेवा बाजूला, विमानतळ येणार, रस्ते येणार. कागदावर यापेक्षा चांगली जागा देशात शोधून सापडली नसती.

जमीन घ्यायचं हत्यार होतं 1894 चा भूसंपादन कायदा. इंग्रजांचा. या कायद्याची चाल नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. पहिली पायरी कलम 4. सरकार सांगतं, या भागातली जमीन आम्हाला सार्वजनिक कामासाठी लागेल असं दिसतं. दुसरी पायरी कलम 5-अ. शेतकऱ्याने तीस दिवसांत हरकत घ्यायची, अधिकाऱ्याने त्याचं ऐकून घ्यायचं. मग कलम 6. सरकार पक्कं जाहीर करतं की जमीन लागणारच. पुढे कलम 9 च्या नोटिसा, मोजणी, आणि शेवटी निवाडा, म्हणजे भरपाई किती ते ठरवणारा हुकूम. या सगळ्यात एक छोटंसं कलम होतं, 11-अ. ते 1984 च्या दुरुस्तीने घातलं गेलं. त्यात म्हटलं होतं, कलम 6 ची घोषणा झाल्यापासून दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर ती सगळी कारवाई व्यपगत. व्यपगत म्हणजे संपली. झालीच नाही असं समजायचं.

हे कलम का घातलं? कारण आधी असं व्हायचं की सरकार कलम 6 ची घोषणा करून ठेवायचं आणि दहा-दहा वर्षं निवाडा करायचं नाही. जमीन अडकून. विकता येत नाही, कर्ज मिळत नाही, आणि भाव मात्र जुन्या तारखेचा. म्हणून संसदेने घड्याळ लावलं.

पेणमध्ये कलम 6 ची घोषणा झाली 2007 च्या जूनमध्ये. आता हे साल लक्षात ठेवा आणि त्याआधी दोन महिने काय झालं ते बघा. मार्चमध्ये पश्चिम बंगालात नंदीग्रामला गोळीबार झाला. देश हादरला. 5 एप्रिल 2007 ला केंद्रातल्या मंत्रिगटाने ठरवलं की सेझचं क्षेत्र जास्तीत जास्त पाच हजार हेक्टर, आणि राज्य सरकारांनी सेझसाठी सक्तीने जमीन घेऊ नये. म्हणजे केंद्र म्हणतंय सक्ती नको, आणि इकडे राज्यात सक्तीच्या कायद्याची पुढची पायरी चढली जातेय. गुंतवणूकदाराच्या खुर्चीत बसून विचार करा. तुम्ही दहा हजार हेक्टरचा आराखडा घेऊन आलात, मध्येच तो अर्धा झाला. आणि ज्या वाटेने जमीन मिळणार होती, त्या वाटेवर दिल्लीने दगड ठेवला, मुंबईने मात्र वाट चालूच ठेवली. याला शास्त्रात धोरणाची अनिश्चितता म्हणतात. आपण म्हणू, घरात दोन कारभारी आणि दोघांचे हुकूम उलटे.

आता शेतकऱ्याकडे येऊ. हा शेतकरी भोळाभाबडा नाही, हे बाहेरच्यांना कधीच नीट कळलेलं नाही. अलिबागजवळच्या चरीला 1933 पासून सुमारे सहा वर्षं शेतकऱ्यांनी जमीन कसली नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला, आणि त्या संपाचा धागा पुढे 1939 च्या कूळ कायद्यापर्यंत गेला. जानेवारी 1984 मध्ये उरणला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. म्हणजे इथल्या घराघरात ही गोष्ट माहीत आहे की जमीन गेली तर काय होतं, आणि अडून बसलं तर काय मिळतं. ज्या कंपनीच्या जोखमीच्या अहवालात चरी आणि उरण ही दोन नावं नव्हती, तो अहवाल कितीही जाड असला तरी अपुरा होता, एवढंच मी म्हणेन.

शेतकऱ्यांनी काय केलं? मोर्चे काढले, ते तर झालंच. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखी माणसं पुढे होती. पण त्याबरोबर त्यांनी कायदा वाचला. हरकती लेखी दिल्या. आणि एक मुद्दा नेमका पकडला. पेणमधली 22 गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येतात. सिंचनाखालची सुपीक जमीन सेझला नको, पडीक घ्या, असं सरकारचंच धोरण. मग लाभक्षेत्रातली जमीन कशी घेता? यात एक विचित्र कडवटपणा होता. लाभक्षेत्र कागदावर होतं. धरण भरलेलं, कालव्यांची कामं मात्र रखडलेली. पाणी नवी मुंबईकडे जायचं आणि खारेपाटात भाताच्या दुसऱ्या पिकाची वाट बघत पिढी म्हातारी झाली. जे पाणी शेतात कधी नीट आलं नाही, त्या पाण्याच्या नोंदीने शेत वाचवायला मदत केली.

मग सरकारने एक असं पाऊल उचललं, जे देशात सेझच्या बाबतीत आधी कोणी उचललं नव्हतं. त्या वेळी मुख्यमंत्री विलासराव देशमुख. 21 सप्टेंबर 2008 ला पेण तालुक्यातल्या या 22 गावांत सार्वमत घेतलं गेलं. जमीन द्यायची की नाही, हे शेतकऱ्यांना विचारलं. जिल्हा प्रशासनाने ते घेतलं. वर्तमानपत्रं, वाहिन्या, दिल्लीचे पत्रकार, सगळे पेणला.

आणि निकाल? सरकारने तो अधिकृतपणे जाहीर केला नाही.

इथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. सार्वमतात लोक काय म्हणाले याबद्दल गावात कोणाच्या मनात शंका नव्हती. शंका नसतानाही निकाल फाईलमध्ये. असं का केलं असेल? जाहीर केला तर उद्योगाला नाराज करावं लागेल. झिडकारला तर मतदाराला. म्हणून दोन्ही दारं अर्धवट उघडी. राजकारणात याला कौशल्य म्हणतात. पण नुकसान कोणाचं झालं ते बघा. शेतकऱ्याचं झालंच, आपण मत दिलं त्याचं काय झालं, हे त्याला कळलं नाही. पण गुंतवणूकदाराचंही तितकंच झालं. ऑक्टोबर 2008 मध्ये जर सरकारने स्वच्छ सांगितलं असतं की या 22 गावांत नाही म्हणजे नाही, तर कंपनीला पुढचे आठ-नऊ महिने, पैसा आणि माणसं दुसरीकडे लावता आली असती. ‘नाही’ हे उत्तर धंद्याला तितकं मारक नसतं. उत्तरच नसणं मारक असतं.

2009 चा जून आला. दोन वर्षं झाली. निवाडा झालेला नव्हता. कलम 11-अ चं घड्याळ वाजलं आणि संपादन व्यपगत झालं.

आता सांगा, याला राजकीय जोखीम म्हणायचं का? परदेशी सल्लागाराच्या तक्त्यात ही घटना ‘भूसंपादनाला विरोध, प्रकल्प रद्द’ अशी जाईल आणि भारताच्या नावापुढे एक लाल खूण पडेल. पण इथे कायदा कोणी मोडला? कोणीच नाही. शेतकऱ्याने कायद्यात दिलेली हरकत घेतली, कायद्यात दिलेली मुदत संपली, कायद्याने सांगितलेला परिणाम झाला. कायद्याचं राज्य म्हणजे हेच ना? आपण सगळे, आणि गुंतवणूकदार तर जास्तच, कायद्याचं राज्य याचा अर्थ ‘कायदा माझ्या बाजूने’ असा घेतो. तो कधी माझ्या बाजूने, कधी समोरच्याच्या. आधीपासून माहीत असलेल्या पायऱ्या, ठरलेल्या तारखा आणि ऐकून घेण्याची सक्ती, एवढंच तो देतो.

या गोष्टीला एक शेपूटही आहे. सक्तीच्या संपादनाबाहेर काही जमिनी थेट खरेदीने गेल्या. आपल्या कूळ कायद्यात शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घ्यायला बंदी आहे, पण 63-1अ या कलमाने खऱ्या औद्योगिक वापरासाठी सूट दिली. अट अशी की ठरलेल्या मुदतीत वापर सुरू झाला पाहिजे. आधी ती पंधरा वर्षं होती, पुढे पाच केली. वापर झाला नाही तर मूळ मालकाला मूळ किमतीला जमीन परत घेण्याचा हक्क. याच कलमाचा आधार घेऊन इथल्या शेतकऱ्यांनी जमिनी परत मागितल्या आहेत. जमीन घेताना वकिलाने ही अट वाचली नसेल असं मी म्हणणार नाही. वाचली असेल, आणि कोण विचारतंय पंधरा वर्षांनी, असं वाटलं असेल. रायगडात विचारतात.

शेजारच्या गोव्यात काय झालं तेही दोन वाक्यांत सांगतो. तिथे 31 डिसेंबर 2007 ला दिगंबर कामत सरकारने सेझ नकोत असं जाहीर केलं. लोकांचा विरोध जिंकला, सगळे खूश. पण ज्यांनी औद्योगिक महामंडळाला पैसे भरून जमीन घेतली होती, त्यांचे पैसे व्याजासह परत मिळून प्रकरण मिटायला 2018 उजाडलं. निर्णय एका दिवसाचा, निस्तरायला दहा वर्षं. तिथलं ‘नाही’ ऐकू आलं, पण हिशेब लांबला.

आता दाभोळ. हा विषय काढल्याशिवाय महाराष्ट्रात या मुद्द्यावर बोलताच येत नाही. गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा वीज प्रकल्प. जून 1992 मध्ये सामंजस्य करार, डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदीचा करार. पेणच्या अगदी उलटी गोष्ट. इथे कागद लोखंडासारखे होते. वीज मंडळ पैसे देईल, नाही दिले तर राज्य सरकारची हमी, राज्याने नाही दिले तर केंद्राची प्रतिहमी. भांडण झालं तर लवाद लंडनमध्ये. वर अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा राजकीय जोखमीचा विमा. याहून सुरक्षित गुंतवणूक कोणती?

आणि तरी ती बुडाली. का? कारण कागद मजबूत होते, कागद होण्याची रीत कमकुवत होती. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. विजेचा दर कसा ठरला, हे ज्याला बिल भरायचं त्याला कोणी विचारलं नाही, सांगितलं नाही. सरकार बदललं, आणि 3 ऑगस्ट 1995 ला युती सरकारने करार रद्द केला. पुढे त्याच सरकारने वाटाघाटी करून तोच प्रकल्प जास्त मोठा करून परत मान्य केला. म्हणजे विरोधही राजकीय आणि मान्यताही राजकीय. लोकांनी दोन्हीवरचा विश्वास गमावला. 1999 च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला, आणि 2001 उजाडताना वीज मंडळाने पैसे थकवले. त्या वर्षी मे महिन्यात प्रकल्प बंद. डिसेंबरात तर एन्रॉन कंपनीच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

इथे मात्र मी आपली बाजू घेणार नाही. दर जास्त होता, करार वाईट होता, हे सगळं खरं. पण सही केली होती. हमी दिली होती. हमी वटवायची वेळ आली तेव्हा आपण पळवाटा शोधल्या, आणि लंडनचा लवाद होऊ नये म्हणून आपल्या न्यायालयांतून मनाई हुकूम मिळवले. 2003 मध्ये अमेरिकेतल्या लवादाने हे सगळं म्हणजे गुंतवणूक हिरावून घेणंच आहे असं ठरवलं, आणि बेक्टेल व जनरल इलेक्ट्रिक यांना विम्याचे पैसे मिळाले. शेवटी 2005 मध्ये सगळी तडजोड झाली आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी मालकीची कंपनी उभी राहिली. तडजोडीची किंमत आपल्याच सरकारी बँकांनी आणि वित्तसंस्थांनी सोसली. म्हणजे तुम्ही आणि मी.

पेण आणि दाभोळ शेजारी ठेवून बघा. दाभोळला सुरुवातीच्या पायऱ्या गाळल्या, शेवट कोर्टात वर्षानुवर्षं चालला. पेणला पायऱ्या होत्या, म्हणून तीन वर्षांत, एकही गोळी न सुटता विषय संपला. यातलं कोणतं ठिकाण गुंतवणूकदाराला जास्त धोक्याचं? मी पैसे लावणारा असतो तर दाभोळला घाबरलो असतो.

परदेशी गुंतवणूकदारांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा, आटोपता घेतो. कोळशाची खाण विकसित करणाऱ्या व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीने कोल इंडियाविरुद्ध लवाद जिंकला होता. त्याची अंमलबजावणी आपल्या कोर्टात नऊ वर्षांहून जास्त रेंगाळली, आणि 2011 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने नुसत्या या दिरंगाईबद्दल भारताला दोषी धरलं. त्यानंतर 2016 च्या सुमारास आपण बहुतेक जुने गुंतवणूक करार मोडीत काढले, आणि नव्या नमुन्यात अट घातली की आधी पाच वर्षं भारतातल्या कोर्टात प्रयत्न करा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. आता परदेशी शहाण्याला ती चढणं भाग आहे. कोर्ट सुधारलं तर सगळ्यांसाठीच सुधारेल, या आशेने मी या अटीकडे बघतो.

आता बाकावरचा तिसरा माणूस. ठेवीदार. सप्टेंबर 2010. पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. खोट्या कर्जखात्यांचं प्रकरण, रक्कम सहाशे कोटींच्या घरात, ठेवीदार दोन लाखांच्या आसपास. गणपतीच्या मूर्ती करणारे कारागीर, मीठवाले, निवृत्त शिक्षक, मुलीच्या लग्नासाठी पैसे ठेवलेली माणसं. यांनी काही धाडसी गुंतवणूक केली नव्हती. गावातली बँक, ओळखीची माणसं, भिंतीवर परवाना टांगलेला. परवाना म्हणजे काय? सरकार सांगतंय की आमचं लक्ष आहे. त्या शब्दावर पैसे ठेवले.

यांना विमा होता, बरं का. ठेव विमा. तेव्हा मर्यादा एक लाखाची. पण त्या वेळच्या कायद्यात विम्याचे पैसे केव्हा मिळायचे, तर बँक अवसायनात निघाली की. नुसते निर्बंध असतील तर नाही. म्हणजे बँक धड चालू नाही आणि धड बंदही नाही, त्यामुळे ठेवही नाही आणि विमाही नाही. पुन्हा तेच, उत्तर नसण्याचं दुखणं. 2020 च्या फेब्रुवारीत मर्यादा पाच लाख झाली, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध आले की 90 दिवसांत पैसे द्यायचे असं ठरलं. हा चांगला कायदा आहे. पेणच्या ठेवीदारासाठी मात्र वरातीमागून घोडं.

बेक्टेलला विम्याचे पैसे दोन-अडीच वर्षांत मिळाले. पेणमधल्या पेन्शनरने किती वर्षं मोर्चे काढले, हे या सभागृहात मी सांगायची गरज नाही.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यातला एक प्रश्न आणि उत्तर इथे देत आहोत.)

प्रश्न : मी रोह्याहून आलोय. आमच्याकडे औषधांच्या पार्कसाठी जमिनी जाणार, असं झालं होतं. तुम्ही जे सांगितलं ते आम्हाला कसं लागू पडतं? आम्ही उद्योगाला विरोध करावा असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, तसं अजिबात नाही. रोह्याला उद्योग नवा नाही. धाटावची एमआयडीसी किती घरांना पोसते ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, आणि कुंडलिकेच्या पाण्याचं काय झालं तेही जाणता. पेण तालुक्यात डोलवीचा पोलादाचा कारखाना आहेच. मालक बदलले, कारखाना चालू राहिला, वाढला. तेव्हा इथे उद्योग येऊच शकत नाही हे खोटं आहे.

तुमच्या पार्कची गोष्ट अशी. मार्च 2020 मध्ये केंद्राने औषधांचा कच्चा माल देशात तयार व्हावा म्हणून तीन पार्कसाठी तीन हजार कोटींची योजना काढली. राज्यांनी अर्ज केले. महाराष्ट्राने जागा सुचवली मुरुड आणि रोहा तालुक्यांतली. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तीन राज्यांना तत्त्वतः मान्यता मिळाली. गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेश. महाराष्ट्र त्यात नव्हता. मुंबईत यावरून बरीच आरडाओरड झाली की उद्योग पळवला. गावात वेगळीच चर्चा होती, की आता आमच्या सातबाऱ्याचं काय?

तो प्रश्न महत्त्वाचा आहे. एमआयडीसीचं संपादन 1961 च्या राज्याच्या कायद्याने होतं. 2013 च्या केंद्राच्या कायद्यात खासगी प्रकल्पाला 80 टक्के जमीनधारकांची संमती लागते, ती अट तिकडे लागू होत नाही. संपादनाची सूचना निघाली की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद येते. आपण त्याला शिक्का पडला म्हणतो. शिक्का पडला की गिऱ्हाईक बिचकतं, बँक कर्ज देताना दहा प्रश्न विचारते, भाऊ-भाऊ वाटणी करताना अडतात. प्रकल्प येतो की नाही हे दिल्लीत ठरणार, कधी ठरणार ते कोणी सांगत नाही, आणि तोवर जमीन ना आपली ना त्यांची. ही तुमची राजकीय जोखीम. जगातल्या कुठल्याच विमा कंपनीकडे तिची पॉलिसी नाही.

म्हणून विरोध की पाठिंबा, हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर पहिल्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागा. हा शिक्का किती दिवसांसाठी आहे आणि त्या तारखेनंतर आपोआप उठणार का. आमच्या हरकतीवर जो निर्णय होईल तो कारणांसह आम्हाला मिळणार का. आणि जमीन घेऊन वापरली नाही तर परत करण्याची मुदत कोणती. अधिकारी म्हणतील, असं आमच्या अधिकारात नाही. तर तेही लेखी मागा.

आणि हेच तीन प्रश्न तिथे येणाऱ्या कंपनीनेही विचारावेत असं मी कंपन्यांच्या लोकांना सांगत असतो. ते हसतात. म्हणतात, साहेब, आम्ही वर बोललोय. वर म्हणजे कुठे, असं मी विचारतो, तर मंत्र्याचं नाव सांगतात. मंत्री बदलतो. पेणच्या प्रकरणात सार्वमत घेणारे मुख्यमंत्री डिसेंबर 2008 मध्ये गेले, अशोक चव्हाण आले. तारीख मात्र जून 2009 ची होती ती तशीच राहिली.

आणखी एक, तुमच्या गटाचा सातबारा आणि फेरफार आजच काढून ठेवा. वारस नोंदी राहिल्या असतील तर त्या करून घ्या. नोटीस ज्याच्या नावाने निघते तोच हरकत घेऊ शकतो, असं अधिकारी अंगावर येऊन सांगतात, आणि नाव आजोबांचं असतं. मुदतीचे दिवस फार लवकर जातात.